ह्यांच्या रक्तातली गरमी

ऊर्जानगर, चंद्रपूर
रविवार, ४ जानेवारी १९८७

आदरणीय मीराबाईस,

धाकट्या कमळाचा सप्रेम जय भीम. बाई, तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत जास्त धरत असतील. आरमोरीला नदीचा वारा लागतो, तेव्हा सकाळी अंगणात बसत जाऊ नको. भाऊजींचा खोकला, सूनबाईचं बाळंतपण, बाळाचं नाव काय ठेवलं, सगळं सविस्तर कळव. आमच्याकडं ठीक आहे, म्हणजे चिमण्या धूर सोडतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडते आणि ती झटकत मी शाळेत जाते. दिवाळीला आम्ही दोघं तुझ्याकडं का आलो नाही असं तू विचारलं होतंस आणि 'जरा प्रकृतीचं होतं' एवढं लिहून मी सुटले होते. प्रकृती कोणाची आणि काय, ते आज लिहिते. एक विनंती आहे. हे पत्र भाऊजींपुढं मोठ्यानं वाचू नको. ते चष्मा शोधत असतील तर पत्र संपेपर्यंत सापडू देऊ नको.

झालं असं की गेल्या ऑक्टोबरात, दीक्षेच्या सोहळ्याच्या दिवसांत, कॉलनीतल्या पोरांनी रक्तदानाचं शिबिर ठेवलं. आमचे हे सगळ्यांत पुढं. (कॉलनीत ह्यांना सगळे खुशालभाऊ म्हणतात आणि कोणत्याही मंडपाचा पहिला बांबू खुशालभाऊंनीच धरायचा असा रिवाज आहे.) रक्त देऊन आले ते हातात केळं, छातीवर बिल्ला आणि दंडावर चिकटपट्टी. ती पट्टी चांगली आठवडाभर काढली नाही. आंघोळीला हात वर धरून बसायचे. आपल्या रक्तानं कोणाचा तरी जीव वाचला असेल, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. दूधवाल्यालाही सांगितलं. अशात एका संध्याकाळी लच्छू आला. लच्छू आमच्या मागच्या लाइनीत राहतो आणि चांद्याच्या ज्या दवाखान्यात हे रक्त गेलं, तिथंच कामाला आहे. नेहमी चहा मागून घेणारा माणूस, पण दारातच उभा राहिला आणि म्हणाला की डॉक्टरसाहेबांनी बोलावलं आहे, बाईंनाही सोबत आणा. हे तर खूशच झाले. रक्त फार चांगलं निघालं असणार, आणखी मागतील, असा ह्यांचा अंदाज. मी मात्र काळजीत पडले. बायकोला बोलावतात म्हणजे काळजाचंच काही असणार.

डॉक्टर नवा होता, पुण्याकडचा, आमच्या पोराच्या वयाचा. टेबलावरचं पेपरवेट फिरवत त्यानं काही इंग्रजी अक्षरं सांगितली, व्ही.डी.आर.एल. म्हणून. ती पॉझिटिव्ह आली म्हणे. आमच्या तोंडाकडं पाहून त्याला कळलं की काही पोचलं नाही, तेव्हा बिचाऱ्यानं मराठी शब्द वापरला. म्हणाला, "तुम्हाला गरमी आहे." ह्यावर हे मनापासून हसले आणि म्हणाले, "गरमी राहीनच ना साहेब. बॉयलरच्या बाजूले ड्युटी हाये. ताक पेतो मी रोज." बाई, तो शब्द मला ठाऊक होता. आपल्या मामीच्या शेजारच्या त्या बाहेरख्याली माणसाबद्दल बायका कुजबुजत, तेव्हा आपण दोघी दाराआडून ऐकत होतो, आठवतं? डॉक्टरनं घसा साफ केला आणि पुढचे प्रश्न विचारले. ते जसेच्या तसे लिहिते, कारण ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"बाहेर कुठे जाता का?"

"जातो ना. पोंभुर्ण्याले. महिन्यातून दोन खेपा."

"एकटेच?"

"एकटाच. हिले नाई नेत. हिचं अन् तिचं जमत नाई."

"किती वर्षांपासून?"

"लग्नाच्या आधीपासून," हे अभिमानानं म्हणाले.

"तिथे पैसे वगैरे देता?"

"देतो ना साहेब. एखाद्या खेपेले नसले तरी थे काई म्हणत नाई. उलट येताना तांदूळ बांधून देते."

डॉक्टरचं पेपरवेट थांबलं. पोंभुर्ण्याला ह्यांची आई राहते, बायनाबाई, माझी सासू, वय सत्तरीच्या पुढं, हे मी त्याला सांगायला हवं होतं. पण माझं मन अजून त्या 'गरमी'पाशीच अडकलं होतं. मग त्यानं माझं रक्त काढून घेतलं, दोघांनी इंजेक्शनं सुरू करा म्हणून सांगितलं आणि हा आजार कसा लागतो ते खिडकीकडं तोंड करून हळूच बोलला. ते ह्यांना ऐकू गेलं नाही. बॉयलरजवळ काम करून ह्यांचे कान तसेही अर्धेच उरलेत. परतीच्या बसमध्ये हे म्हणाले की साहेब चांगला आहे, आईची केवढी विचारपूस केली.

आता तुला खरं सांगते. मी त्या बसमध्ये बसल्या बसल्या पंचवीस वर्षांचा संसार उलटासुलटा करून पाहिला. पोंभुर्ण्याला हे पूर्वी महिन्यातून एकदा जायचे, पोळ्यापासून दोनदा. केसांना कलप लावू लागले होते. (मी विचारलं तर म्हणाले, सुपरवायझर म्हातारा म्हणते.) न्हाणीत गुणगुणायचे, आणि मी आले की गप्प व्हायचे. सप्टेंबरात तर आई तापानं फणफणली म्हणून आठवडाभर तिकडंच राहिले आणि परत आले ते स्वतःच सुकून. हे सगळं मी तेव्हा पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. आता प्रत्येक गोष्ट उठून उभी राहिली. चार दिवसांनी माझं रक्त साफ निघालं, तर हे म्हणाले, "पाह्य, तू चांगली हायेस." आणि माझ्या मनात काय आलं असेल? माझं साफ, म्हणजे ह्यांचं प्रकरण ताजंच असणार. बाई, संशय असा असतो. त्याला काहीही खायला घाला, तो लठ्ठच होतो.

आणि मग मला शकुबाई आठवली. तुलाही आठवेल. मामाच्या गावी धान निघालं की खाचरात मंडप पडायचा, आणि आपण बैलबंडीत तणीस अंथरून, त्यावर गोधडी घालून नाटकाला जायचो. पहिल्यांदा ह्यांना आपण पाहिलं ते राणीच्या वेषात. त्या काळी बाप्येच बाया व्हायचे. तू माझ्या कानात म्हणाली होतीस की राणी दिसते चांगली पण चालते बैलासारखी. सकाळी विहिरीवर तोच पोरगा तोंड धूत होता, अर्धा चेहरा राणीचा, अर्धा त्याचा स्वतःचा, आणि तू लोट्यानं त्याच्या हातावर पाणी घातलंस. मी मागं उभी होते. तो पाण्याकडं कमी आणि मागंच जास्त पाहत होता. पुढच्याच वर्षी मंडळीत नागपूरहून खरीखुरी बाई आली, शकुबाई. ती राणी झाली आणि हे राजा झाले. साऱ्या पंचक्रोशीचा जीव त्या दोघांवर. म्हणूनच आमच्या लग्नाच्या बोलण्यांत बाबांनी अट घातली होती, "नाटकवाल्याले पोरगी देतो, पण नाटकाले नाई देत." ती अट ह्यांच्यापर्यंत पोचवायला तूच गेली होतीस. त्यांनी मुकाट्यानं होकार दिला आणि आपला तो पितळी मुकुट मंडळीच्या पेटीत ठेवून आले. तेव्हापासून नाटकाचं नाव घरात निघालं नाही. मी किती निर्धास्त होते. आणि ह्या दिवाळीत तीच शकुबाई, पंचवीस वर्षांपूर्वीच्या कमरेसह आणि गजऱ्यासह, माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

ह्यांना खरा अर्थ कळला तो लच्छूकडून. संध्याकाळी त्याच्याकडं गेले होते, परत आले ते आत न येता पायरीवरच बसले. जेवायला हाक मारली, उठले नाहीत. मी ताट झाकून बाहेर आले. ह्यांचं ताट-पेला मी दोन दिवसांपासून वेगळा घासत होते, तेही त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. अंधार पडता पडता त्यांनी विचारलं,

"कमळा, तुले का वाटते?"

मी म्हटलं, "मले काई वाटत नाई. मी गणिताची बाई हावो. मले उत्तर पायजे."

असं बोलायला नको होतं. त्यांनी शपथ घेतली नाही, चिडले नाहीत, फक्त दंडावरची ती पट्टी उपटून काढली आणि बाजूला ठेवली. इंजेक्शन घ्यायला साफ नकार दिला. घेतलं तर कबूल केल्यासारखं होईल म्हणाले. मग दिवाळी कसली आणि आरमोरी कसली. एका क्वार्टरमध्ये दोघं जण दोन भाडेकरूंसारखे राहत होतो.

शेवटी मी शाळेला अर्धी रजा टाकली आणि ह्यांना घेऊन त्याच दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. वैरागडेबाई म्हणून आहेत, रक्त तपासणीचा सगळा विभाग त्यांच्याकडं. केस पांढरे, आवाज मोठा. मी सरळ विचारलं की ही तुमची तपासणी कितपत खरी बोलते? त्यांना प्रश्न आवडला असावा. म्हणाल्या, बसा, हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. आजार असलेल्या शंभर जणांतले ती किती पकडते, हा पहिला. निरोगी शंभर जणांतले ती किती सोडून देते, हा दुसरा. ह्या दोन्हींत ती चांगली आहे. पण घरच्या माणसाला हवा असतो तिसराच, तो म्हणजे तिनं ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांतले खरोखर आजारी किती. आणि तो कोणी विचारतच नाही, आमचे नवे डॉक्टरसुद्धा नाही.

मग त्यांनी हिशेब मांडला. धरा, शिबिरात हजार माणसं आली. साधी, कामावर जाणारी, घरी येणारी. त्यांत खरा आजार पाच जणांना. तपासणी त्या पाचांनाही पकडेल. उरलेल्या नऊशे पंच्याण्णव निरोगी माणसांत शंभरातल्या दोघांवर ती उगाचच बोट ठेवते. पुढचं मीच बोलले, वर्गात पोरांच्या आधी बोलायची सवय. म्हटलं, म्हणजे वीस. पकडले पंचवीस, त्यांत खरे पाच, आणि वीस जण फुकट बदनाम. त्या म्हणाल्या, बरोब्बर. अंगावर व्रण घेऊन आलेल्या रोग्यांच्या रांगेत हीच तपासणी लावा, बोट ठेवलेले जवळजवळ सगळे खरे निघतील. तपासणी तीच, रांग वेगळी. मग अशी तपासणी लावताच कशाला, असं मी जरा तावातावानं विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या की रक्ताच्या वीस चांगल्या बाटल्या वाया गेल्या तरी चालतात, एक वाईट बाटली कोणाच्या अंगात जाता कामा नये. त्यांचं बरोबर आहे. बाटली ओतून देता येते. नवरा कुठं ओतायचा, हे त्यांच्या शास्त्रात नव्हतं.

निघताना त्यांनी ह्यांना विचारलं की इतक्यात कसला ताप वगैरे आला होता का. हे छताच्या पंख्याकडं पाहत म्हणाले, "नाई." मीही म्हटलं, नाही. मग दुसऱ्या, जास्त नेमक्या तपासणीसाठी त्यांनी रक्त नागपूरला पाठवलं आणि सांगितलं की वेळ लागेल, तोवर घरात भांडू नका.

बाई, मी त्या हिशेबावर किती जीव टाकला काय सांगू. भाजी निवडताना, वह्या तपासताना मनात एकच, पंचवीसातले वीस. पण गणित मला हे सांगत नव्हतं की हे त्या विसांतले की पाचांतले. तिथं येऊन ते हात वर करायचं. पुढं माझं मलाच ठरवायचं होतं. मग एक दिवस असंही सुचलं की माझा संशय ही पण एक तपासणीच आहे. अशी कडक की तिच्यातून एकही लबाड सुटायचा नाही. फक्त साधा माणूसही सुटत नाही. (त्या दिवशी ह्यांचं ताट मी पुन्हा माझ्या ताटासोबत घासलं. ह्यांनी ते पाहिलं.)

धान कापून झालं तेव्हा हे पोंभुर्ण्याला निघाले. मी म्हटलं, मीही येते. ह्यांचा चेहरा असा झाला की माझे सगळे वीस जण पळून गेले आणि पाचच उरले. बस खराब आहे म्हणाले, रस्ता खराब आहे म्हणाले, आईला तुझं तोंड आवडत नाही म्हणाले. मी पिशवी भरून दारात उभी. वाटभर दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, आणि आम्हा दोघांच्या मधे ती भरलेली पिशवी.

घरी पोचलो तर सासूच्या अंगणात माणसंच माणसं. मधे एक म्हातारा हातात काठी घेऊन उभा होता, तोंडात दात नाहीत. तो मुखरू, जुन्या नाटक मंडळीचा मालक. ह्यांना पाहताच म्हणाला, "या महाराज. केवढा उशीर." आणि मग मला पाहून त्याची काठी खाली पडली. ओसरीवर एक जाडजूड म्हातारी लसूण सोलत बसली होती. ती भिंतीला धरून उठली, लंगडत माझ्यापाशी आली आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, "हेच का थे गणितवाली?" बाई, ती शकुबाई. गुडघे तुझ्यासारखे, चष्मा बाबांसारखा. ह्यांच्याकडं बोट दाखवून मला म्हणाली, "याच्यात पाठांतर नाई. बाकी माणूस चांगला हाये."

तिथंच अंगणात सगळं बाहेर आलं. माझ्या सासूनं ते बाहेर काढलं, फार आनंदानं. जुन्या मंडळीतले उरलेसुरले लोक शंकरपटाच्या बैलशर्यतींच्या वेळी अखेरचं एक नाटक करणार होते आणि सप्टेंबरपासून तालमी चालू होत्या. कलप त्यासाठी, गुणगुणणं त्यासाठी. तालमीपायी हे उघड्यावर निजले आणि हिवतापानं पडले. ताप सासूला नव्हता, ह्यांनाच होता. मलेरियाच्या माणसानं काचेवर रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, आठवडाभर ही म्हातारी ह्यांना पेज पाजत होती. मला कळवलं असतं तर मी धावत आले असते आणि तालीम पाहिली असती, म्हणून कळवलं नाही. शिबिरात विचारलं तेव्हाही ताप लपवला. दीक्षेच्या दिवसांत मागं कसं राहायचं, म्हणून.

मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले. हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. हे समोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "पंचवीस वर्सं तुह्या बाबाचा शब्द पाळला. मंग वाटलं, आवाज हाये तोवर एक डाव म्हणून घ्यावं. तुले सांगाची हिंमत नाई झाली."

मी विचारलं, आणि रक्ताचं कळल्यावर, मी ताट वेगळं केल्यावर तरी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तू विचारलंच नाई ना. तुले उत्तर पायजे होतं." बाई, हे खरं होतं. शब्द न शब्द खरा होता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, सगळ्या मंडळीसमोर, सासूसमोर. मुखरूनं काठी आपटून सांगितलं की असं राजानं तिसऱ्या अंकात करायचं आहे, आत्ता नाही.

परत येऊन वैरागडेबाईंना तापाचं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. हिवताप नुकताच होऊन गेला असेल तर ही तपासणी हमखास फसू शकते, हेच तर मी विचारत होते म्हणाल्या, आणि पंख्याकडं काय पाहत होता, म्हणून ह्यांना चांगलं झापलं. तरी नागपूरचं उत्तर यायचं होतं. मी तुला खोटं सांगणार नाही. माझी खात्री त्या अंगणातच झाली होती, आणि तरीही गेल्या आठवड्यात निकाल घ्यायला गेले तेव्हा बसमध्ये माझे हात बर्फासारखे होते. ह्यांनी ते स्वतःच्या हातात घेऊन चोळले, चांद्यापर्यंत. डॉक्टरीणबाई दारातच म्हणाल्या, "काही नाही, साफ आहे." पुन्हा इथली तपासणी केली, तीही आता साफ. मग त्या सांगू लागल्या की तसं पाहिलं तर कोणतीच तपासणी शंभर टक्के नसते. मी त्यांना म्हटलं, बाई, पुरे. बाकीचं आमचं आम्ही पाहून घेऊ.

असं आहे सगळं. हल्ली शाळेतून आले की हे संवाद म्हणतात आणि मी पुस्तक धरून चुका काढते. मधेच जुनं एखादं पद सुरू करतात. आवाज थोडा फाटतो, पण वरच्या सुरात अजून तोच पोरगा आहे. भिंतीपलीकडचे लोक रेडिओ बंद करून ऐकतात. मला वाटतं, हा आवाज पंचवीस वर्षं ह्याच घरात होता आणि मी त्याला फक्त बाजारहाटाच्या गोष्टी बोलायला लावल्या. वाईट वाटतं, पण फार वेळ नाही. पुढच्या ओळीला हे पुन्हा चुकतात.

भाऊजींना नमस्कार, बाळाला पापा.

तुझी,
कमळा

ता. क. – नाटक महिनाअखेरीस आहे. शकुबाईचे गुडघे फार सुजले, उभं राहवत नाही. ती राजमातेचं काम करणार होती. ते काम आता मी घेतलं आहे. तीन प्रवेश आहेत, एक रडण्याचा. हे पत्र खरं तर त्याचसाठी लिहायला घेतलं होतं. तुझं ते हिरवं, मोठ्या काठाचं लुगडं कोणी येणारं असेल त्याच्यासोबत पाठव. इस्त्री करू नको, मी इथं करीन.

ता. क. दुसरा – ह्यांनी पत्र वाचलं. आता माझ्या हातातलं पेन मागत आहेत.

बाईले जय भीम. लुगडं पाठवू नका, तुम्हीच घेऊन या. हे राजमाता मले आशीर्वाद देता देता हासते, अन् मुखरू काठी घेऊन धावते. तुम्ही पुढं बसल्या तं तुमच्या धाकानं तरी हे नीट उभी राहीन. – खुशाल